चार वाजता जेवायला बसू नका

"काय गं, सिसिलीला निघालात म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं काकू? आम्ही तर अजून कुणालाच बोललो नाही."

"इस्त्रीवाल्यानं. म्हणाला, वहिनींनी सगळे सुती कपडे एकदम टाकलेत, सप्टेंबरात इटलीला चाललेत. इटली म्हटल्यावर मी म्हटलं, रोम-व्हेनिस असणार. तर तो म्हणतो, नाही, कुठलंसं बेट आहे. मग मला कळलंच."

"काकू, तुम्ही जाऊन आलात ना? मला जरा सांगा. ते समोरचे साहेब ह्यांना म्हणाले, सिसिलीत खायला काही मिळत नाही, मिळतं ते महाग मिळतं आणि वर गार असतं. मी धसकाच घेतलाय. सासूबाई बरोबर आहेत, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही."

"हळू बोल, ते गॅलरीत असतात या वेळी. अगं, त्यांचं काय सांगतेस! ते चार वाजता जेवायला बसले होते. दुपारी चार! एवढ्या मोठ्या बँकेत होते म्हणतात, पण घड्याळ बघायची सवय नाही. तिकडे दुपारचं जेवण एक ते अडीच. तीनच्या सुमाराला चुली बंद. मग साडेसातशिवाय कुणी पातेलं हलवत नाही, आणि गावातली माणसं साडेआठ-नऊशिवाय घराबाहेर पडत नाहीत. मधल्या वेळात समुद्रासमोर जे दुकान उघडं असतं, फोटोंचं मेनूकार्ड घेऊन दारात उभं असतं, ते कुणासाठी उघडं असतं? साहेबांसाठी!"

"म्हणजे पाच वाजता भूक लागली तर उपाशी बसायचं?"

"उपाशी कशाला? जागा बदलायची. माझी लेक मिलानला असते ना, तिला मी फोनवर विचारलं, कुठं खायचं गं? ती म्हणाली, आई, आधी किती वाजलेत ते सांग, मग कुठं ते सांगते. आम्ही तसंच केलं आणि एकदाही पस्तावलो नाही. सकाळचं ठिकाण वेगळं, दुपारचं वेगळं, मधल्या वेळचं वेगळं. पाटी किती मोठी आहे ते बघायचंच नाही. तुमचं विमान उतरतं कुठं?"

"रोमहून पालेर्मोला. आणि परत कातानियाहून."

"छान. दोन्ही टोकं बघून होतील. सकाळ कातानियाकडची चांगली, दुपार पालेर्मोची. उलटं करायला जाऊ नका. कातानियात सकाळी उठायचं आणि सरळ बारमध्ये जायचं."

"बारमध्ये? सासूबाईंना घेऊन?"

"अगं, तिथं बार म्हणजे कॉफीचं दुकान. म्हाताऱ्या बायका, शाळेत निघालेली पोरं, पोलीस, सगळे तिथंच. हॉटेलचा नाश्ता फुकट असला तरी एक दिवस सोडून दे आणि ग्रानिता मागव. बर्फ असतो, पण आपल्या गोळ्यासारखा किसलेला नाही. सरबतच हळूहळू ढवळत गोठवलेलं, मऊ. लिंबाची, बदामाची, काळ्या तुतीची, कॉफीची. आणि तिच्याबरोबर एक गरम बन, ब्रिओश म्हणतात, त्याच्या डोक्यावर छोटा अंबाडा असतो. तो अंबाडा आधी तोडायचा आणि ग्रानितात बुडवायचा. सकाळी आठ वाजता, हो! पहिल्या दिवशी आमचे हे म्हणाले, घसा बसेल. दुसऱ्या दिवसापासून माझ्या आधी तयार."

"ब्रिओशमध्ये अंडं असेल ना?"

"असतं, लोणीही असतं. सासूबाईंना नुसती ग्रानिता दे. लिंबाच्या ग्रानितात पाणी, साखर आणि लिंबू, चौथं काही नाही. बदामाचीसुद्धा चालेल त्यांना. दूध नसतंच. पूर्वी म्हणे एत्ना डोंगरावरचा हिवाळ्यातला बर्फ खड्ड्यांत दाबून ठेवायचे आणि उन्हाळ्यात खाली आणून विकायचे. ज्वालामुखीवरचा बर्फ, विचार कर. आता यंत्रं आहेत, पण बायका अजून बदामावरून भांडतात, कुणाचा चांगला म्हणून."

"आणि तिथं पैसे आधी द्यायचे का नंतर?"

"बघायचं, गल्ल्यापाशी लोक काय करतात ते. बऱ्याच ठिकाणी आधी पैसे, मग पावती घेऊन काउंटरवर. आणि हे लक्षात ठेव, उभ्यानं प्यायलीस तर कॉफी सव्वा-दीड युरोत, तीच कॉफी चौकातल्या खुर्चीत बसून घेतलीस की दुप्पट-तिप्पट. खुर्चीचे पैसे! साहेबांना याचाच राग होता. पण ते मेनूकार्डावर लिहिलेलं असतं. वाचायचं नाही आणि मग भांडायचं, हे काय झालं?"

"पण सासूबाईंना उभं राहून जमायचं नाही हो."

"मग त्यांना बसव, आणि खुर्चीचे पैसे देताना कुरकुर करू नकोस. गुडघ्यांपुढं दोन युरो काय घेऊन बसलीस."

"बरं, दुपारचं सांगा. पालेर्मोत."

"पालेर्मोत बाजार. बालारो नाहीतर कापो. सकाळी अकरानंतर गेलीस तरी चालेल, पण दुपारी दोनच्या आत. व्हुच्चिरिया म्हणून तिसरा बाजार आहे, सगळी पुस्तकं तेच नाव सांगतात, रेनातो गुत्तुसो नावाच्या चित्रकारानं 1974 साली त्याचं मोठं चित्र काढलं, मांस लटकतंय, मासे, फळं, गर्दीतून वाट काढणारी माणसं. चित्र बघ जमलं तर. पण बाजार आता तसा राहिलेला नाही, रात्रीची पोरं दारू प्यायला जमतात तिथं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाण्यात अर्थ नाही. बालारोत जा. तिथले विक्रेते असे ओरडतात की वाटतं भांडण चाललंय. भांडण नसतं, वांगी विकत असतात. आणि तिथं तुझ्या सासूबाईंचं जेवण आहे."

"काय?"

"पानेल्ले. बेसन गं! चण्याचं पीठ पाण्यात कालवून, मीठ घालून, आटेस्तोवर घोटायचं, बारीक चिरलेली पार्सली घालायची, थापायचं, गार झालं की पातळ कापून तळायचं. मी पहिला घास घेतला आणि ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, अहो, ह्या तर आपल्या पाटवड्या! फक्त कोथिंबिरीच्या जागी दुसरी पानं आणि मिरचीचा पत्ता नाही. तीळ लावलेल्या पावात घालून देतात, वर लिंबू पिळायचं. अडीच-तीन युरोत पोट भरतं."

"अय्या! तिकडे बेसन कुठून आलं?"

"नवव्या शतकात अरब आले सिसिलीत. बरीच वर्षं राज्य केलं त्यांनी. लिंबं, ऊस, वांगी, असं बरंच त्यांच्याबरोबर आलं म्हणतात. पानेल्लेसुद्धा त्यांचीच, असं पालेर्मोची माणसं सांगतात. मी काही पावती बघितली नाही. पण त्या गाडीवाल्याला मी खुणेनं सांगितलं की आम्हीही हे करतो, तर त्यानं माझ्याकडे अशा संशयानं बघितलं, जसं काही मी त्याच्या घरातून कृती चोरली."

"मिरची नाही म्हणता?"

"पर्समध्ये लाल तिखटाची पुडी ठेव. मी ठेवली होती. लेकीला लाज वाटली, पण दोन दिवसांनी तीच मागत होती. एक मात्र विचारून घे, त्याच तेलात मासे तळलेत का. पानेल्लेबरोबर बटाट्याचे छोटे रोलही देतात, क्रोक्के, तेही चालतील."

"आणि त्या भाताच्या गोळ्याबद्दल वाचलं होतं मी."

"अरांचिना! ते प्रकरण नाजूक आहे. पालेर्मोत गोल असतो आणि बाईमाणूस, ती अरांचिना. कातानियात टोकदार, एत्ना डोंगरासारखा, आणि तो पुरुष, अरांचिनो. पालेर्मोत जाऊन तो म्हणालीस की दुकानदार तुला दुरुस्त करतो. आता सासूबाईंसाठी ऐक. लोण्याची, म्हणजे आल बुर्रो, हे नाव ऐकून निष्पाप वाटते. नसते! आत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, हॅम. दुसरी रागूची, तिच्यात खिमा. त्यांना पालकाची नाहीतर वांग्याची मिळाली तर दे, आणि तीही फोडून बघून. कातानियात वांग्याची मिळते बऱ्याच ठिकाणी. पण वरचं आवरण अंड्यात घोळलेलं आहे का, तेही विचार. कुणी मैद्याच्या पातळ पिठात घोळतात, कुणी अंड्यात."

"बाई गं, एवढी चौकशी मी कुठल्या भाषेत करू?"

"फोन आहे ना हातात. लिहून ठेव त्यात आधीच: मांस नको, मासा नको, अंडं नको. आणि माशात अच्चूगे वेगळं लिही. खारवलेले छोटे मासे, ते कुठेही सापडतात. स्फिंचोने म्हणून पालेर्मोचा जाड मऊ पिझ्झा आहे, कांदा-टोमॅटोचा, वरून एकदम शाकाहारी दिसतो आणि आत अच्चूगे लपलेले. मासा म्हणजे मोठा, ताटात दिसणारा, असं त्यांचं गणित. लहान मासा त्यांच्या लेखी मीठच."

"तुम्ही सगळं खाल्लंत का तिथलं?"

"सगळं नाही. पालेर्मोत एक पाव मिळतो, त्यात वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून चरबीत परतून भरतात. 1834 पासूनचं एक दुकान आहे, आंतिका फोकाच्चेरिया सान फ्रांचेस्को, तिथं मोठी कढई समोर ठेवलेली असते. आमच्या ह्यांनी खाल्लं. मी बघितलं. पुरे झालं तेवढं. आणि कातानियात व्हिया प्लेबिशितो नावाचा रस्ता आहे, संध्याकाळी नुसता धूर. मी म्हटलं, वा, कबाब! लेक म्हणाली, आई, घोडा आहे तो. त्या रस्त्यानं सासूबाईंना नेऊ नकोस, वास लपत नाही."

"ई! मग कातानियात संध्याकाळी काय?"

"पास्ता आला नोर्मा. ही मात्र डोळे मिटून मागव. तळलेली वांगी, टोमॅटो, तुळशीच्या जातीचं बेझिल आणि वरून किसलेलं खारं रिकोत्ता. बेल्लिनी नावाचा संगीतकार कातानियाचा, त्याचा नोर्मा नावाचा ऑपेरा आहे 1831 सालचा, त्याच्यावरून या पास्त्याला नाव मिळालं म्हणतात. आपल्याकडे एखाद्या भाजीला बालगंधर्वांच्या नाटकाचं नाव कुणी दिलं नाही बघ. सासूबाईंचं चीजबद्दल काय? तिकडच्या बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं."

"हे त्यांना सांगायचं का नाही, हाच मला प्रश्न पडलाय."

"सांग बाई. परत आल्यावर कुणी तरी सांगेलच, आणि मग दर चतुर्थीला ऐकत बसशील. चीज न घालता नोर्मा मागितली तर देतात. नाक मुरडतात, पण देतात. त्याच्याबरोबर कापोनाता घे, वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर, आंबटगोड, गारच खायची असते. साहेब म्हणाले ना, जेवण गार होतं? कापोनाताच असणार ती!"

"हसवू नका काकू, ते खरंच गॅलरीत आलेत."

"येऊ देत. त्यांनी माशाचं काय केलं, ते ऐकलंस का?"

"नाही. ह्यांना नुसतं म्हणाले, लुटलं."

"अगं, मेनूत माशापुढं आठ लिहिलं होतं. साहेबांना वाटलं, आठ युरोत अख्खा मासा. त्या आठच्या शेजारी बारीक अक्षरात एत्तो लिहिलेलं असतं. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. वेटरनं मासा आणून दाखवला, साहेबांनी मान डोलावली. अकराशे ग्रॅमचा मासा! कर हिशोब."

"अठ्ठ्याऐंशी युरो?"

"बँकेतला माणूस! वर माणशी कोपेर्तो. टेबलावर बसण्याचे आणि पावाचे म्हणून दोन-तीन युरो लावतात माथ्याशी, तेही मेनूत लिहिलेलं असतं. वर पाण्याची बाटली, तीही विकतच. टिप मात्र द्यायलाच हवी असं नाही. साहेबांनी रागानं टिप दिली नाही आणि वाटलं सूड घेतला. वेटरला पत्ताही लागला नसेल. मी मालवणची, मासा न तोलता घेणं माझ्या हातून होणारच नाही. मी आधी वजन विचारते, मग डोळे बघते, मग भाव. तो वेटर मला जरा घाबरूनच होता. आणि मेनूत पदार्थापुढं चांदणी असली ना, तर तो माल फ्रीजरमधला. बेटावर बसून गोठवलेली कोळंबी खायची असेल तर खा."

"मासे चांगले असतात का, पण? आपल्यासारखे?"

"कातानियाचा मासळीबाजार बघून ये, मुख्य चर्चच्या चौकामागे, सकाळी लवकर. तलवार मासा, डोकं वर, तलवार आभाळाकडे. मला नाही आवडला फारसा, कोरडा लागतो, पण लोक वेडे आहेत त्यासाठी. मला आवडल्या त्या पालेर्मोतल्या सार्दिन. पास्ता कोन ले सार्दे, त्यात रानटी बडीशेपेचा पाला, मनुका, चिलगोजे, केशर. माशात मनुका! मी नाक मुरडून मागवला आणि ताट पुसून खाल्लं. बांगडा खाणाऱ्या माणसाला तलवार मासा मिळमिळीत वाटणारच, आणि सार्दिन म्हणजे आपली तारली की. हां, आणि माशाबरोबर वर चीज मागू नकोस, तिथं मोठा गुन्हा समजतात."

"गोड?"

"कान्नोलो. पण काचेत भरून ठेवलेला घेऊ नकोस, आवरण ओलं होतं. मागितल्यावर भरून देणारं दुकान बघ. मेंढीच्या दुधाचं रिकोत्ता असतं आत. आणि सासूबाईंना देऊ नकोस, आवरणात पारंपरिक पद्धतीनं डुकराची चरबी असते. कास्साता सगळे सांगतील, मला अती गोड लागला. मार्झिपान, साखरेत पाकवलेली फळं, वर साखरेचा थर. आपल्याकडच्या लग्नातल्या आइस्क्रीमच्या कसाट्याशी त्याचा काही संबंध नाही, एवढंच सांगते. त्यापेक्षा नोतो गावात काफे सिचिलिया आहे, कोर्रादो आस्सेंझा नावाच्या माणसाचं, 2018 साली नेटफ्लिक्सवर त्याच्यावर कार्यक्रमच आला. बदामाची ग्रानिता तिथं खा. गर्दी असेल, थांब. आणि मोदिकाचं चॉकलेट आणा आमच्यासाठी, साखर विरघळवत नाहीत त्यात, दाताखाली कचकचते. आमच्या नातवाला वाटलं खराब झालंय."

"ताओर्मिनाला जायचंय आम्हाला. ती व्हाइट लोटस मालिका तिथंच झाली ना."

"झाली, आणि तेव्हापासून तिथले भाव त्या मालिकेतल्या माणसांसाठीच आहेत. जा, ग्रीक नाट्यगृह बघ, मागे एत्ना धुमसत असतो, बसून राहावंसं वाटतं. पण जेवायला खाली उतर. वर फक्त ग्रानिता खा. त्यापेक्षा एत्नाच्या उतारावर एखाद्या शेतावर जेवा, आग्रितुरिझ्मो म्हणतात, शेतकरीच जेवण देतात, बरंचसं त्यांच्याच शेतातलं. पण गाडी हवी आणि आधी फोन करायला हवा. रविवारी दुपारी तर नक्की करा, अख्खी कुटुंबं येतात, तीन-तीन तास बसतात. आणि सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, आधी बघून घ्या."

"आणि ती मधली वेळ राहिली. चार ते आठ."

"हो, तीच तर साहेबांची! त्या वेळात जेवण नाही, खाणं. कातानियाकडे तावोला काल्दाची दुकानं असतात, काचेमागे ताजं भाजलेलं, भरलेलं काहीबाही. आणि चौकाचौकात जुन्या लोखंडी टपऱ्या आहेत. तिथं सोडा मागायचा. अर्धं लिंबू पिळतात समोर, चिमूटभर मीठ टाकतात, फसफसून वर येतो, तो तसाच गटागट प्यायचा."

"म्हणजे लिंबू सोडा! त्यासाठी एवढं लांब जायचं?"

"अगं, उन्हात फिरून आलीस ना, की कळेल. त्रापानीकडे जाणार असाल तर कुसकुस खा, माशाच्या रश्श्यात. सान वितो लो कापोला सप्टेंबरात त्याचा उत्सवच असतो, 1998 पासून. समोर समुद्रापलीकडे ट्युनिशिया, तिथूनच आलाय तो पदार्थ. सासूबाईंना भाज्यांचा मिळेल, पण रस्सा वेगळा आहे ना ते विचार."

"काकू, एक सांगायचं राहिलं. ह्यांनी तिथं लग्नाच्या वाढदिवसाची जागा इंटरनेटवर ठरवून टाकलीय. चेफालूला, समुद्रासमोर, अगदी पाण्याला लागून टेबल."

"किती वाजता?"

"सात."

"सात! तुम्ही तिघं आणि टेबलं पुसणारा पोरगा, एवढेच असाल. साडेआठ करायला सांग. सासूबाईंना तोवर काही तरी खायला घाल, म्हणजे उपाशी राहणार नाहीत आणि तुमच्याकडे बघत बसणारही नाहीत. समुद्रासमोरचं आहे, तेव्हा कोपेर्तो जास्त असेल, तो दे. आणि मासा मागवणार असाल तर नवऱ्याला मान डोलावू देऊ नकोस. आधी वजन विचार."